गंजिफाची पाने आणि चिताऱ्याची मजुरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी "गंजिफा" असे कळवले. त्यावर "म्हणजे पत्तेच ना?" असा उलट प्रश्न आला. मी होकार दिला. बोनस, महागाई भत्ता आणि किमान वेतन यांवर बोलण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने पत्त्यांवर बोलावे याचे चालकांना नवल वाटले असल्यास ते साहजिक आहे. शिवाय पत्ते म्हटले की आपल्याकडे पहिली आठवण होते ती पोलिसांच्या छाप्याची! म्हणून आरंभीच सांगतो की मी जुगाराची भलावण करण्यास उभा नाही. मी इतिहासाचा पंडितही नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात बरेच झाले. मात्र हाती आलेली वस्तू उलटसुलट करून "ही कोणी केली, आणि त्याला काय मिळाले?" असे विचारण्याची मला खोड आहे. आज तोच प्रश्न मी पत्त्याच्या पानाला विचारणार आहे.

या विषयाकडे मला वळवले ते शेजारच्या एका शाळकरी मुलाने. दिवाळीच्या सुटीत तो एक डबी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, हा माझा डेक. मी स्वतः बांधलाय." डबीत साठ पाने होती, प्रत्येक पान प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून घातलेले. कोणावर राक्षस, कोणावर पक्षी, कोणावर नुसता डोंगर किंवा जंगल. त्याच्या आईची तक्रार अशी की हा खाऊचे सारे पैसे त्या पुड्यांत घालतो, आणि पुडा फोडेपर्यंत आत काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसते. मुलगा म्हणाला, "तीच तर मजा!"

त्या माउलीची तक्रार मला पटली, पण मुलाला रागावण्याचा अधिकार मात्र मला नव्हता. आमच्या लहानपणी आम्ही काडेपेटीचे छाप असेच जमवत होतो. नेहमीचा छाप एकास एक आणि परगावच्या माणसाने टाकून दिलेला दुर्मीळ छाप एकास दहा, असा आमचा बाजारभाव असे. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेल्या या बाजारपेठेच्या गावात भाव काढल्याविना पोरेसुद्धा काही खेळत नाहीत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता या नव्या खेळाची हकीकत थोडक्यात पाहू. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने "मॅजिक : द गॅदरिंग" नावाचा खेळ रचला. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत सर्वांसाठी मिळून एकच कॅट असतो. या खेळात प्रत्येक गडी आपापला कॅट घरून बांधून आणतो. पहिल्या संचातच सुमारे तीनशे निरनिराळी पाने होती. पंधरा पानांच्या बंद पुड्यात अकरा साधी, तीन कमी आढळणारी आणि एकच दुर्मीळ, अशी वाटणी होती. जपानातील "पोकेमॉन"ची पाने १९९६ साली आली आणि हा छंद जगभरच्या मुलांत पसरला.

कॅट बांधणे हे डोके चालवण्याचे काम आहे, हे कबूल केलेच पाहिजे. त्या मुलाने मला ते नीट समजावून सांगितले. मॅजिकच्या साठ पानांत सुमारे दोन-पंचमांश पाने नुसत्या जमिनीची असतात. जमीन असल्याशिवाय सैन्य उतरवता येत नाही. जमीन कमी पडली तर हातातले बलाढ्य वीर हातातच राहतात, आणि जमीनच फार आली तर तिच्यावर उभे करायला कोणी नसते. हे प्रमाण साधण्यात खरा खेळ आहे. संघटना बांधणाऱ्या माणसाला हे गणित परके वाटले नाही.

परंतु यात एक मेख आहे. जो जास्त पुडे विकत घेईल, त्याचा कॅट बळकट होणार. आरंभी एकाच जोरदार पानाच्या वाटेल तितक्या प्रती कॅटमध्ये घालता येत. पुढे १९९४ साली स्पर्धांसाठी नियम करावा लागला की कॅटमध्ये किमान साठ पाने हवीत आणि साधी जमीन सोडून कोणतेही पान चारापेक्षा अधिक वेळा असू नये. म्हणजे ऐपतीला मर्यादा घातल्याशिवाय खेळसुद्धा नीट चालत नाही, हे तेथेही उमगले. तथापि बाजाराला ती मर्यादा नाही. त्या खेळाच्या पहिल्या छपाईतील "ब्लॅक लोटस" नावाचे एक पान २०२१ साली लिलावात ५,११,१०० डॉलरला विकले गेले. ते पान ज्या डबीत होते तिच्यावर मूळ चित्रकार ख्रिस्तोफर रश यांची सही होती. ते २०१६ सालीच वारले होते. लिलावाचा पैसा पान विकणाऱ्याला मिळतो. ज्या हाताने कमळ रंगवले, त्या हाताची सही तेवढी किमतीत भर घालते.

तेव्हा माझ्या मनात आले की पानांवर जीव लावणे आणि पाने जपून ठेवणे हे आपल्या मुलखाला मुळीच नवे नाही. येथून कोल्हापूर आणि आजरा मागे टाकून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी लागते. लाकडी खेळण्यांसाठी आपण सर्व तिला ओळखतो. त्याच सावंतवाडीत आजही गोल, लाखेने चकाकणारी, हाताने रंगवलेली पाने तयार होतात. तीच दशावतारी गंजिफा होय.

गंजिफा हा खेळ मूळचा इराणकडून आपल्याकडे आला. बाबराने आपल्या आत्मचरित्रात १५२७ सालची नोंद केली आहे. सिंधच्या शाह हसनला या खेळाची आवड होती आणि त्याने पाने मागवली होती, म्हणून बाबराने ती त्याच्याकडे पाठवून दिली. मोगली गंजिफात आठ रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने, अशी एकूण ९६ पाने असतात. ताज, शमशेर, गुलाम अशी त्या रंगांची नावे आहेत. दरबारासाठी हस्तिदंताची पाने होत, तर सामान्यांसाठी कागदाची किंवा कापडाची. पहिल्या प्रकाराला "दरबार कलम" आणि दुसऱ्याला "बाजार कलम" म्हणत. एकाच खेळाचे हे दोन वर्ग कारागिरांच्या भाषेतच पडलेले आहेत.

अकबराच्या दरबाराचे वर्णन करताना अबुल फजलने "आईन-इ-अकबरी"त बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफाची माहिती दिली आहे. अकबराने पानांत काही फेरबदल केले, तेही त्याने लिहून ठेवले आहेत. तो मजकूर प्रथम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. धनपती या रंगात राजा आणि वजीर यांच्याखालच्या दहा पानांवर खजिन्यात राबणारी माणसे काढलेली होती : जवाहिऱ्या, धातू वितळवणारा, तोलणारा, नाणी पाडणारा. फर्मानांच्या रंगात कागद तयार करणारा होता, रेघा आखणारा होता, चित्रकार होता, पुस्तक बांधणारा आणि रंगारी होता. म्हणजे ज्यांच्या हातून पान घडते, तेच त्या पानावर बसलेले! पादशहाच्या खेळात का होईना, कारागिराची तेवढी नोंद झाली. पुढच्या काळात जी गंजिफा देशभर रूढ झाली तिच्यात ही माणसे राहिली नाहीत. त्यांच्या जागी नुसती चिन्हे आली.

आपल्या लोकांनी या परदेशी खेळाला आपला पोशाख चढवला. आठ रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले. दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० पाने. मत्स्यावताराच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू. ओरिसात, बंगालच्या विष्णुपुरात, म्हैसुरात आणि आपल्या सावंतवाडीत त्याच खेळाची निरनिराळी रूपे झाली. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वाडियार यांनी तर ३६० पानांपर्यंतचे नवे खेळ रचले. १८३१ साली इंग्रजांनी त्यांच्या हातून राज्यकारभार काढून घेतला. पानांवरचे राज्य मात्र कोणी काढून घेऊ शकले नाही. ते खेळ दरबाराबाहेर रुजले नाहीत, याचे कारण उघड आहे. ३६० पाने ध्यानात ठेवण्याइतकी सवड कष्टकऱ्याला कोठून असणार?

दशावतारी गंजिफाचे मात्र तसे नाही. तो खेळ कोणालाही शिकता येतो. साधारणपणे तीन गडी बसतात आणि प्रत्येकाला चाळीस पाने येतात. जोडीदार नाही. आपल्या हुकुमासारखा इतरांवर मात करणारा रंग नाही. प्रत्येक रंगात राजा सर्वांत वर आणि त्याच्याखाली प्रधान. राणी या खेळात नाही. एक ते दहा या पानांची गंमत अशी की पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो उतारी करतो; रात्री असेल तर कृष्णाच्या राजाला मान. सारी मदार स्मरणशक्तीवर असते. वरची पाने खेळून गेली की खालच्या पानाला किंमत येते, म्हणून काय गेले आणि काय राहिले हे मनात मांडत राहावे लागते. आणि सर्व गडी एकाच पेटीतली पाने वाटून घेतात. घरून बळकट कॅट बांधून आणण्याची सोय तेथे नाही. नशिबाने वाईट पाने येतील, पण गरिबीने येणार नाहीत.

आता माझ्या खोडीकडे येतो. हे पान करतो कोण? सावंतवाडीत हे काम चितारी मंडळींचे. लाखकामाची ही कला अठराव्या शतकात, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात तेथे बहरली असे सांगतात. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवून पुठ्ठा करायचा, त्यावर लेप देऊन तो घोटायचा, गोल पाने कापायची, रंगवायची आणि शेवटी लाख चढवायची. पानाची पाठ साऱ्या १२० पानांची एकसारखी असावी लागते. पाठीवर जरासा फरक राहिला तरी चाणाक्ष गडी पान ओळखणार आणि खेळ बिघडणार. म्हणजे पुढच्या बाजूला कलावंताचा हात दिसला पाहिजे आणि मागच्या बाजूला तो मुळीच दिसता कामा नये!

मी एकदा कागद घेऊन हिशेब मांडला. एका रंगात एकपासून दहापर्यंतच्या पानांवर मिळून पंचावन्न चिन्हे होतात. दहा रंगांची ५५० झाली. म्हणजे पंचावन्न मासे, पंचावन्न कासवे, पंचावन्न परशू, असे करत सारे अवतार संपवायचे. त्याशिवाय दहा राजे आणि दहा प्रधान, ही वीस चित्रे वेगळी. एक पेटी पुरी करणे म्हणजे ५७० वेळा कुंचला नेमका चालवणे आणि १२० पाठी एकसारख्या करणे. यंत्रावर नगाप्रमाणे मजुरी घेणाऱ्या माझ्या मित्रांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

या कारागिराच्या पोटावर पाय आला तो छापील पत्त्यांमुळे. लंडनच्या टॉमस डी ला रू यांनी १८३१ साली पत्ते रंगीत छापण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. हळूहळू बावन्न पानांचा छापील कॅट इतका स्वस्त झाला की हाताने रंगवलेल्या पेटीने त्याच्याशी टक्कर देणे अशक्य होते. रंगही चारच, ध्यानात ठेवायला सोपे. मेंढीकोट, लाडीस, पाच-तीन-दोन हे आपले घरगुती डाव त्याच बावन्न पानांवर रंगले. हातमागाचे यंत्रापुढे जे झाले, तेच कुंचल्याचे छापखान्यापुढे झाले. इचलकरंजीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. त्यात १९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन झाले आणि दरबाराचा आधारही संपला.

यानंतरचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच काम सुरू करून नव्या मुलांना शिकवले. पानावर राजा सर्वांत वर असतो. प्रत्यक्षात राजा चिताऱ्याचा शिष्य झाला. संस्थानिकांविषयी माझी मते आपणांस ठाऊक आहेत. तरीही हे ऋण मी मनापासून मान्य करतो. याच सुमारास रुडॉल्फ फॉन लायडन या मुंबईत राहिलेल्या जर्मन गृहस्थांनी गंजिफा गोळा करून त्यांचा अभ्यास केला. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचा ग्रंथ काढला. पुढे २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मग सारे ठीक झाले का? मला तसे वाटत नाही, आणि हेच सांगण्यासाठी मी आज उभा आहे. मानांकनाने नावाचे रक्षण होते. दुसऱ्या गावच्या मालावर सावंतवाडीचे नाव घालता येत नाही. ते आवश्यकच आहे. परंतु मानांकनात मजुरीचा दर लिहिलेला नसतो. दर ठरतो मागणीवर, आणि मागणी कशी आहे ते पाहा. पाहुणा येतो, पेटी उघडतो, "वा!" म्हणतो, विकत घेतो आणि घरी काचेच्या कपाटात ठेवतो. ती पेटी पुढे पन्नास वर्षे तशीच राहते. त्या घरातून दुसरी मागणी येत नाही. याउलट खेळातली पेटी झिजते. कडा उडतात, लाख निघते, पाठीवरून पान ओळखू येऊ लागते. एखादे पान हरवते आणि ते करून घ्यावे लागते. म्हणजे पान झिजवणारा गडी हाच चिताऱ्याचा कायमचा गिऱ्हाईक. ओरिसातील खेड्यांत म्हातारी माणसे अजून गंजिफा खेळतात, आणि त्यांच्यासाठी साधी, खेळण्याची पाने अजून होतात. आपल्याकडे पान वाचले, पण खेळ सुटला.

या बाबतीत माझा स्वतःचा गुन्हाही कबूल करतो. मी सावंतवाडीहून एक पेटी आणली आणि तीन वर्षे पुस्तकांच्या कपाटात ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत असे. एके दिवशी त्या शेजारच्या मुलाने विचारले, "काका, याचे नियम काय?" मला सांगता येईना! कारागिराच्या मजुरीवर भाषणे करणारा मी, त्याच्या ५७० चित्रांचा उपयोग नुसता शोभेला करून बसलो होतो. त्या शरमेने मी नियम मिळवले, आणि आता रविवारी संध्याकाळी युनियनच्या कचेरीत आम्ही तिघे बसतो. आमच्यातले एक निवृत्त यंत्रमाग कामगार आहेत, दुसरा तोच मुलगा. पहिले दोन महिने एक्का कोणत्या रंगात मोठा आणि कोणत्या रंगात लहान, यावरच भांडणे झाली. चाळीस गोल पाने हातात मावत नाहीत, म्हणून मी एकदा कृष्णाचा राजाच खाली पाडला आणि सर्वांना दाखवला. मुलगा मात्र आम्हा दोघांना सहज हरवतो. साठ पानांचा कॅट बांधताना त्याने जी स्मरणशक्ती कमावली, ती येथे कामी येते. त्याचा छंद वाया गेला असे मी म्हणणार नाही.

मात्र त्याच्यात झालेला एक बदल सांगण्याजोगा आहे. पूर्वी तो पान पाहून "याचा भाव किती?" असे विचारी. परवा वराहाची अठ्ठी हाती धरून त्याने विचारले, "काका, ही आठही चित्रे एकाच माणसाने काढली असतील का? सातवे जरा वेगळे दिसते." मी ते पान उजेडात धरले. खरेच, सातव्या चिन्हापाशी कुंचला किंचित जाड चालला होता. दिवस मावळत आला असेल, किंवा डोळे थकले असतील. त्या ठिकाणी मला तो माणूस दिसला.

आपणांस माझी विनंती एवढीच आहे. कोकणात जाल तेव्हा सावंतवाडीला थांबा. पेटी घेणे परवडत असेल तर भावात घासाघीस करण्यापूर्वी ५७० हा आकडा आठवा. आणि घरी आणल्यावर ती खेळा. या गावात पेटी एकच असली तरी चालेल, ती युनियनच्या कचेरीत आहे. रविवारी संध्याकाळी कोणीही यावे. खेळाला तीन गडी लागतात, आणि आमच्यातल्या यंत्रमागवाल्या मित्रांना अधूनमधून मुलीकडे जावे लागते, तेव्हा एक जागा रिकामी असते. पाने थोडी झिजू लागली आहेत. पुढच्या वर्षी नव्या पेटीची मागणी सावंतवाडीला कळवावी लागेल, असा रंग दिसतो.